साओइर्से हजर आहे का?

चौतीस वर्षं मी मालवणात मराठी शिकवलं, म्हणजे चौतीस वर्षं रोज सकाळी हजेरी घेतली. पटावर आचरेकर असत, फर्नांडिस असत, शेख असत; कोणाच्याही नावाशी माझी जीभ अडखळली नाही. त्यामुळे निवृत्तीनंतर लेकीकडे आयर्लंडला, कॉर्क शहरात, तीन महिने राहायला गेले तेव्हा नातीला बालवाडीत पोचवायचं काम मी हौसेनं मागून घेतलं. पहिल्याच दिवशी तिथल्या खुंट्यांनी माझी विकेट काढली.

दारातून आत शिरलं की एक लांब फळी. फळीला खुंट्या, प्रत्येक खुंटीवर एक ओला रेनकोट (कोरडा रेनकोट मी कॉर्कमध्ये तीन महिन्यांत पाहिला नाही) आणि वर रंगीत कागदावर पोराचं नाव. मुलगे सोपे होते: जॅक, जेम्स, नोआ. मुलींच्या खुंट्या सुरू झाल्या आणि मी जुन्या खोडीप्रमाणे मनातल्या मनात हजेरी घेऊ लागले. साओइर्से. काओइम्हे. निआम्ह. साध्भ. हे शेवटचं वाचल्यावर तर आपण बालवाडीत आहोत की एखाद्या उपनिषदात, हेच कळेना.

तेवढ्यात बाई आल्या आणि त्यांनी खरोखरची हजेरी घेतली. कागदावरचं एकही नाव त्यांच्या तोंडून आलं नाही. त्या सीरशा, कीव्हा, नीव्ह, साइव्ह असं भलतंच काहीतरी म्हणत होत्या आणि मुली बिनदिक्कत ‘ओ’ देत होत्या. बाईंच्या स्वतःच्या छातीवरच्या पट्टीवर नाव होतं: एस, आय, ओ, बी, एच, डोक्यावर रेघ असलेला ए आणि एन. मी अदबीनं म्हटलं, “गुड मॉर्निंग, सिओभान मॅडम.” त्या गोड हसल्या. म्हणाल्या, “शिव्हॉन.”

मला वाटलं, बाईंनी विषय बदलला.

संध्याकाळी लेकीला म्हटलं, “गो बाय, ह्या लोकांना लिहिता येत नाही की वाचता येत नाही?” ती म्हणाली, “आई, त्यांना दोन्ही येतं. तुला आयरिश येत नाही.” मला हे लागलं. दुसऱ्या दिवसापासून मी नातीला घ्यायला दहा मिनिटं लवकर जाऊ लागले. एका मास्तरणीला दुसरीला शिकवायला मिळणं यासारखं सुख नाही. शिव्हॉनबाईंनी ते पुरेपूर घेतलं.

तर मुद्दा असा की रोमन लिपी दिसते इंग्रजीसारखी, पण तिच्यात आयरिश भाषेचा संसार स्वतंत्र आहे. पारंपरिक आयरिश वर्णमालेत अक्षरं अवघी १८. जे, के, क्यू, व्ही, डब्ल्यू, एक्स, वाय, झेड यांना घरात घेतलेलंच नाही. आता ‘व्ह’ तर भाषेत आहे आणि व्ही मात्र नाही. मग काय करायचं? बी किंवा एमच्या मागे एच उभा केला की तो व्ह. म्हणून निआम्हची नीव्ह, सिओभानची शिव्हॉन. पूर्वी हा एचही नव्हता. अक्षराच्या डोक्यावर फक्त एक टिंब देत. विसाव्या शतकात जुने गेलिक ठसे जाऊन सर्रास रोमन ठसे आले, टिंब गेलं आणि त्याच्या जागी एच आला. टिंबाचं महत्त्व मला कोणी सांगायला नको. एफच्या मागे एच आला तर मात्र दोघंही गप्प बसतात, काहीच उच्चार नाही. लासरीना नावाची मुलगी असते, तिच्या नावात मधोमध एफ आणि एच नुसते हवा खात बसलेले असतात. अर्थ विचाराल तर ‘वाइनची ज्वाळा’. ज्या नावात वाइन आहे त्यात दोघं जण गप्प बसलेले, हे मला अजून पटत नाही.

डोक्यावरची रेघ म्हणजे ‘फाडा’. शब्दाचा अर्थच ‘लांब’. आपला दीर्घ. शॉन हे मुलाचं नाव; त्यातली रेघ काढली की उरतो ‘म्हातारा’ या अर्थाचा शब्द. चौतीस वर्षं ‘दिन’ आणि ‘दीन’ यांतला फरक लाल शाईनं समजावलेल्या बाईला फाडा एका मिनिटात कळला. कळल्याबरोबर मला त्या भाषेबद्दल आदर वाटू लागला. ऱ्हस्व-दीर्घ पाळणारी माणसं परकी कशी असतील?

पण एसचं कोडं सुटेना. सीरशा या एकाच नावात दोन एस. पहिला ‘स’, दुसरा ‘श’. हा कुठला न्याय? शिव्हॉनबाईंनी फळ्यावर लिहून दाखवलं: ए, ओ, यू हे रुंद स्वर, ई आणि आय हे बारीक स्वर. रुंदाच्या शेजारी एस राहिला तर स, बारकाच्या शेजारी राहिला तर श. संगतीचा परिणाम. मी म्हटलं, असं कुठे असतं का? आणि म्हणता म्हणता जीभ चावली. आमच्या मालवणात मासा मिळतो, पण कालवण माशाचं होतं. घसा बसतो आणि खवखव घशात होते. ससा पळतो, कान सशाचे. वीस वर्षांची मुलगी विशीत असते. या ‘स’चा ‘श’ मी आयुष्यभर केला, पोरांकडून करून घेतला, सामान्यरूप म्हणून फळ्यावर लिहिला, आणि सीरशाच्या नावात तोच ‘श’ दिसल्यावर मला तो अडाणीपणा वाटला.

त्यावर बाईंनी सहज विचारलं, “तुमच्याकडे सगळं लिहितात तसंच वाचतात का?” मी छाती फुगवून ‘हो’ म्हटलं. लेक शेजारी होती. म्हणाली, “आई, चार चोर.” दोन शब्द, दोन्हीत तोच च, उच्चार दोन, आणि कुठला कुठे हे सांगायला ना टिंब ना रेघ. एवढ्यावर ती थांबली असती तर बरं. पुढे तिनं १९६२ चे शुद्धलेखनाचे नियमही सांगितले. त्याआधी कित्येक शब्दांवर अनुस्वार असत, जे शतकानुशतकं कोणी उच्चारत नव्हतं. शिव्हॉनबाईंना केवढा आनंद झाला! त्यांच्याकडेही १९४० च्या दशकात अशीच मुकी अक्षरं झाडून काढली होती. मेव्ह हे नाव पूर्वी सात अक्षरी होतं, आता पाचांवर आलंय. पाचांतही ते वाचता येत नाही, हा भाग निराळा.

हाक मारण्याचा प्रकार तर आणखी पुढचा. आपली विभक्ती शब्दाच्या शेपटीला लागते: मुलं, मुलांनो. आयरिशमध्ये संबोधनाला शब्दाचं डोकंच बदलतं. घरात मॉर्या नावाची मुलगी असते. तिला हाक मारायची तर ‘अ वॉर्या’. शेमस नावाच्या मुलाला हाक मारताना पहिला श मऊ होऊन ह होतो. स्कॉटलंडमधल्या गेलिक भाषेतली अशीच हाक ऐकून लोकांनी हेमिश हे स्वतंत्र नावच करून टाकलं. म्हणजे ‘अरे रामा’ ऐकून एखाद्यानं पोराचं नाव अरेरामा ठेवावं, तसं.

उच्चार जमू लागल्यावर मी अर्थाकडे वळले. बारशाला नाव कळलं की आपण पुढचा श्वास घेण्याआधी विचारतो, “अर्थ काय?” कॉर्कमध्येही रोज एका खुंटीचा अर्थ विचारत गेले. नीव्ह म्हणजे तेज. कीव्हा म्हणजे नाजूक, देखणी, लाडकी. कीरा म्हणजे काळी. आपली श्यामा, आपली कृष्णा. फिनूला म्हणजे गोऱ्या खांद्यांची, फक्त खांदे, बाकीचं विचारू नये. ब्लॉनिड म्हणजे छोटं फूल. ऍशलिंग म्हणजे स्वप्न. ऑर्ला म्हणजे सोन्याची राजकन्या. आणि कॉलीन? कॉलीन म्हणजे नुसतं ‘मुलगी’. हे नाव आयर्लंडमध्ये फारसं कोणी ठेवत नाही. अमेरिकेत गेलेल्यांनी आजोळच्या आठवणीनं ठेवलं. मी हसणार होते, पण आमच्या वाडीतल्या सत्तर वर्षांच्या बेबीताई आठवल्या आणि गप्प राहिले.

मग एक दिवस साइव्हच्या खुंटीची पाळी आली. हीच ती माझी साध्भ. अर्थ सांगितला ‘गोड’. आणि भाषाशास्त्राची पुस्तकं सांगतात की या शब्दाचं मूळ आणि संस्कृत ‘स्वादु’चं मूळ एकच. म्हणजे मला पहिल्या दिवशी उपनिषद आठवलं ते अगदीच चुकलं नव्हतं. यानंतर मी पिसाटल्यासारखी नात्यागोत्याची नावं शोधू लागले. रीओना म्हणजे राणी, आणि जुना आयरिश शब्द थेट आपल्या ‘राज्ञी’चा चुलतभाऊ. ब्रीड ऊर्फ ब्रिजिड म्हणजे थोर, उन्नत. तिचं नातं ‘बृहती’शी. मेव्ह म्हणजे मद चढवणारी, आणि तिच्या नावातलं मद्य हे आपलं ‘मधु’. तेव्हा मेव्हला मराठीत माधवी म्हणायला हरकत नाही, फक्त स्वभाव तपासून मग म्हणावं.

कारण ही मेव्ह म्हणजे कॉनॅक्टची राणी. एका रात्री अंथरुणात पडल्या पडल्या नवरा म्हणाला, माझ्याशी लग्न करून तुझं बरं झालं. झालं. राणी उठली, आणि दोघांची मालमत्ता बाहेर काढून मोजायला सुरुवात झाली: भांडी, दागिने, कपडे, मेंढ्या, घोडे. सगळं बरोबरीत. शेवटी नवऱ्याकडे एक पांढऱ्या शिंगांचा वळू जास्त निघाला. तोही मूळचा राणीच्याच कळपातला. पण बाईच्या मालकीचा म्हणवून घेणं त्याला कमीपणाचं वाटलं म्हणून तो पलीकडे गेलेला! मेव्हनं ठरवलं, अल्स्टरमधल्या कूलीचा तपकिरी वळू आणायचा. त्यापायी महायुद्ध. आयरिश पुराणातली ही सर्वांत मोठी कथा, तिच्या आयरिश नावातलं ‘बो’ म्हणजे गाय, आपला ‘गो’. विराटाच्या गाई पळवायला कौरव गेले होते ते आठवून मी बाईंना म्हटलं, आमच्याकडेही आहे. पण आमच्याकडच्या गोहरणाला निदान नवरा-बायकोच्या भांडणाचं निमित्त नव्हतं, हेही कबूल केलं. मेव्हचा शेवट कसा झाला? तळ्यात अंघोळ करताना भाच्यानं गोफणीतून चीजचा वाळका तुकडा मारला आणि तो कपाळात बसला. स्लायगोजवळ नॉकनरे डोंगरावर दगडांची मोठी रास आहे, तिथे ती शत्रूकडे तोंड करून उभ्यानं पुरलेली आहे असं लोक मानतात. एकेकाळी ती आयर्लंडच्या एक पौंडाच्या नोटेवर होती. मोजदाद करणाऱ्या बाईची जागा नोटेवरच असायला हवी.

याच युद्धात अल्स्टरचे वीर ऐनवेळी आडवे का पडले, ती हकिगत मी शिव्हॉनबाईंना दोनदा सांगायला लावली. माहा नावाच्या बाईला नवऱ्याच्या बढाईपायी, दिवस भरलेले असताना, राजाच्या घोड्यांशी शर्यत लावावी लागली. ती जिंकली, तिथेच जुळ्यांना जन्म दिला आणि शाप दिला: तुमच्यावर सर्वांत मोठं संकट येईल तेव्हा तुम्हां पुरुषांना बाळंतकळा येतील, नऊ पिढ्या. आर्मा शहराच्या नावात ही माहा आजही आहे. आपल्या पुराणांत शाप भरपूर आहेत, शिळा होण्यापासून साप होण्यापर्यंत. पण इतका नेमका शाप एकाही ऋषीला सुचला नाही, ह्याचं मला वाईट वाटलं.

एक गोष्ट मात्र खटकली. ईफा हे तिकडे फार लाडकं नाव. सौंदर्य, प्रसन्नता असा अर्थ. पण पुराणातली ईफा कोण? लिरच्या मुलांची सावत्र आई. तिनं फिनूला आणि तिच्या तीन भावांना हंस करून ९०० वर्षं गार पाण्यात सोडलं. तीनशे वर्षं एका तळ्यात, तीनशे समुद्रात, तीनशे पश्चिमेच्या बेटापाशी. आपल्याकडे कैकेयी नावाची मुलगी तुम्ही पाहिली आहे? मी चौतीस वर्षांत पाहिली नाही. कॉर्कच्या त्या एका वर्गात दोन ईफा होत्या, आणि त्यांच्या शेजारच्या खुंटीवर फिनूला. तिची आई रोज तिला निश्चिंत मनानं सोडून जायची.

मॉर्याची गोष्ट उलटी. जुन्या काळी आयरिश लोक मुलीला मेरीचं नाव ठेवायला धजत नसत. देवाच्या आईचं नाव, ते आपल्या पोरीला कसं द्यायचं? फार तर ‘मेरीची दासी’ असं नाव ठेवत. पुढे मेरी घरोघर झाली तरी कुमारी मातेसाठी ‘म्विरा’ हे रूप राखून ठेवलं आणि मुलींना मॉर्या. आपलं शास्त्र बरोबर याच्या विरुद्ध. मुलाला नारायण म्हणावं, म्हणजे मरताना ‘नारायणा, पाणी दे’ म्हटलं तरी अजामिळासारखं काम होऊन जातं. शिव्हॉनबाईंना ही युक्ती पटली. आमच्या पाद्रीबाबांना सांगते म्हणाल्या.

ब्रिजिडचं मात्र ऐकून जीव कळवळला. ही कील्डेअरची संत, देवीही म्हणतात. तिनं मठासाठी राजाकडे आपल्या झग्याएवढी जागा मागितली. राजा हसून ‘घे’ म्हणाला आणि झगा पसरत पसरत अख्ख्या माळरानावर गेला. वामनाची तीन पावलं आणि हा झगा एकाच कापडाचे. तिच्या दिवशी लव्हाळ्यांचे क्रूस विणून दारावर लावतात; २०२३ पासून त्या सणाची देशभर सरकारी सुट्टी असते, बाईच्या नावाची त्या देशातली पहिली. पण मधल्या काळात या नावाचं काय झालं? आयर्लंडमधल्या मोठ्या दुष्काळानंतर आयरिश मुली अमेरिकेत धुणीभांडी करायला गेल्या. त्यांत ब्रिजेट इतक्या होत्या की मालकिणी प्रत्येक मोलकरणीला ‘बिडी’ म्हणू लागल्या. ‘उन्नत’ अर्थाचं नाव मोलकरणीचं सामान्यनाम झालं आणि लोक मुलींना ते ठेवायला लाजू लागले. मी कोकणातली आहे. मुंबईतल्या बंगल्यांत आमच्या गावचे गडी असत, आणि त्यांचं खरं नाव काहीही असो, मालक त्यांना ‘रामा’ म्हणत. त्या संध्याकाळी मी आणि शिव्हॉनबाई फार बोललो नाही.

सगळ्यांत अस्सल आयरिश वाटणारी नावं कितपत अस्सल, हेही विचारू नये. शिव्हॉन हे नाव बाराव्या शतकात आलेल्या नॉर्मन लोकांनी फ्रेंचमधून आणलं. मूळ हिब्रू, ‘ईश्वर कृपाळू आहे’. शिनेड तिचीच धाकटी बहीण. आणि सीरशा म्हणजे स्वातंत्र्य. विसाव्या शतकात स्वातंत्र्याची लढाई पेटली तेव्हा हा शब्द नावात आला, आपल्याकडच्या क्रांतीसारखा. सीरशा रोनन ही नटी तर न्यूयॉर्कला जन्मली आणि जन्मभर मुलाखतींत आपलं नाव समजावत बसली. डोनेगॉलची गायिका एन्या हुशार निघाली. तिचं नाव एथ्न्या. तिनं ते उच्चाराप्रमाणे लिहून टाकलं आणि कटकट मिटवली.

इतके दिवस मी फक्त त्यांचीच नावं काढत होते. माझ्या नातीच्या खुंटीचं काय? तिचं नाव ज्ञानदा. पासपोर्टवर डी, एन, वाय, ए, एन, ए, डी, ए. उत्तरेकडचे शेजारी तिला ग्यानदा म्हणतात, ते मी गिळते. बालवाडीत ती पहिल्या दिवशी डायनाडा झाली, दुसऱ्या दिवशी डिन्नी, आणि पुढे ‘अगं ए’. मी तक्रारीच्या सुरात बाईंना म्हटलं, तुमच्या देशात आमचं एक नाव धड घेता येत नाही. आमच्या मालवण तालुक्यातल्या वराड गावच्या अशोक वराडकरांचा मुलगा २०१७ साली तुमचा टीशख, म्हणजे पंतप्रधान झाला. तोसुद्धा तुमच्या तोंडी व्हरॅडकर. टीशखला तुम्ही नऊ अक्षरं देता आणि वराडकरांच्या ‘रा’ला एक काना देत नाही?

शिव्हॉनबाईंनी वही काढली. म्हणाल्या, “हळू म्हणा.” मी ‘द्-न्या-न-दा’ असं फोडून सांगितलं, बाराखडी शिकवावी तसं. त्यांनी ओठ हलवून पाहिलं आणि वायवर काट मारली. वाय त्यांच्यात नाहीच. त्याजागी ई घातला. बारीक स्वर आला की एन आपोआप ‘न्य’ होतो. पुढच्या एवर फाडा दिला, तोच आपला काना. अक्षरं तेवढीच राहिली, आठ. मग त्यांनी ते कागदावर एकदा वाचलं आणि माझी नात खेळणी टाकून ‘ओ’ म्हणाली.

नवा कागद अजून खुंटीवर आहे, लेक फोटो पाठवते. मुंबई विमानतळावरून परत येताना टॅक्सीवाल्याला तो दाखवला. त्यानं निरखून पाहिलं आणि विचारलं, “ह्या पोरीचं नाव वाचायचं कसं?”